ऑनलाइन तास आणि शाळेचा बाक: विद्यार्थ्यांचा थकवा कसा कमी करावा
मोबाइलवर तास ऐकताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. म्हणून दर 20 मिनिटांनी किमान 20 सेकंद सुमारे 20 फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे. मोबाइल मांडीवर न ठेवता पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या पातळीला आणावा, कारण मान सतत वाकलेली राहिल्याने खांद्यांच्या स्नायूंवर ताण येतो, आणि ज्याला आपण अभ्यासाचा कंटाळा म्हणतो तो पुष्कळदा हाच ताण असतो, असे मला वाटते. शाळेत जाताना दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जड नसावे. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातील ही मर्यादा पालकांनी स्वतः वजन करून तपासावी. किशोरवयीन मुलांना 8 ते 10 तास झोप आवश्यक असते, त्यामुळे पहाटे शिकवणी असल्यास रात्री मोबाइल लवकर बाजूला ठेवावा.