घरी डिफरन्शिअल ऑइल बदलताय? या चुका टाळा

फोर बाय फोरवाले इंजिन ऑइल अगदी वेळेवर बदलतात, पण क्राऊनच्या हौसिंगमधलं, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या त्या गोल डब्यातलं (डिफरन्शिअल, जो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो) ऑइल कुणाच्या लक्षातच नसतं. काम तसं अवघड नाहीये, थार काय जिम्नी काय, गाडीखाली जागा असते, सरळ खाली सरकून होतं. गोंधळ होतो तो घाईत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खालचा ड्रेन प्लग आधी खोलणं. ऑइल सगळं ट्रेमध्ये येतं, मग भरायला वरचा फिलर प्लग खोलायला जावं तर तो गंजून जाम, जोर लावला की डोकं गोल होतं, आणि आता हौसिंग कोरडं त्यामुळे गाडी चालवत गॅरेजला पण नेता येत नाही. म्हणून वरचा प्लग आधी सुटतोय का बघा, नाही सुटला तर गंजाचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा आणि खालच्याला हातच लावू नका.

दुसरं, जॅक. मागचं एकच चाक उचललं आणि गाडी गिअरमध्ये आहे म्हणून निवांत राहिलात तर तिथेच फसाल, कारण डिफरन्शिअलचं कामच ते आहे, हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं मोकळं होतं, म्हणजे गिअरने गाडी धरलेलीच नसते. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊच नका. तसंही उचलायची गरज नसेल तर उचलू नकाच, गाडी तिरकी राहिली की लेव्हल चुकीची येते.

ऑइल कुठलं? दुकानात "नव्वद नंबर द्या" म्हटलं की काहीही हातात येतं. डब्यावर जीएल-5 (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय का ते बघा, क्राऊन-पिनियनचे (डिफरन्शिअलमधल्या मुख्य गिअरच्या जोडीचे) दात एकमेकांवर दाबून घासत फिरतात, त्यांना त्यातलं गंधकवालं अ‍ॅडिटिव्ह लागतं (तो घाण वास त्याचाच). पण उरलेलं तेच ऑइल मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथे जीएल-4 सांगितलं असेल तर जीएल-5 ने पितळी सिंक्रोनायझर रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून असतात त्या) खराब होऊ शकतात. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचं) ऑइल पण वेगळं असू शकतं, ते सरसकट धरू नका. आणि हो, 90 नंबर म्हणजे इंजिनच्या 40 पेक्षा दुप्पट जाड असं काही नसतं, दोघांची मोजपट्टीच वेगळी आहे. लिमिटेड स्लिप किंवा लॉकिंगवालं (एकच चाक मोकळं फिरत राहू न देणारं) डिफरन्शिअल असेल (थारच्या काही मॉडेलना मागे येतं) तर मॅन्युअल उघडाच, क्लच प्लेटवाल्या लिमिटेड स्लिपला फ्रिक्शन मॉडिफायर (ऑइलमध्ये घालायचं घर्षण जुळवणारं अ‍ॅडिटिव्ह) नसेल तर वळताना कडकड आवाज येतो.

भरताना फिलरच्या भोकाच्या काठापर्यंत आलं आणि बाहेर ओघळायला लागलं की बस. जास्त भरलं तर अ‍ॅक्सलच्या सीलमधून बाहेर पडून ब्रेक लायनरवर जातं, मग ब्रेक लागत नाहीत आणि माणूस उगाच ब्रेक खोलत बसतो.

निघालेलं ऑइल लगेच फेकू नका, खरी माहिती त्यातच असते. प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी चिखलासारखं असेल तर ते नेहमीचं आहे, पण दाताचा तुकडा किंवा खवले दिसले तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, हौसिंग उघडावं लागेल. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं म्हणजे पाणी शिरलंय. कोकणात ओढे पार करणाऱ्यांचं हे हमखास होतं, तापलेलं हौसिंग एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हौसिंगची हवा ये-जा करायची छोटी वाट) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नुसतं ऑइल बदलून पुन्हा पाण्यात जाऊ नका, ब्रीदर साफ करा, जमलं तर त्याची नळी वर बॉनेटपर्यंत न्या. ब्रीदर चोक असला तर उलटं पण होतं, आतलं प्रेशर वाढून नवीन सील पण गळतं आणि लोक सीलवर सील बदलत राहतात.

पुढचं डिफरन्शिअल विसरू नका. टू-व्हीलमध्येच (नुसत्या मागच्या चाकांच्या ताकदीवर) चालवतो म्हटलं तरी पाण्यात ते पण बुडालेलंच असतं.

बाकी छोट्या गोष्टी: गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट झालं की काढा, वॉशर नवीन टाका, प्लग आधी हाताने फिरवा नाहीतर आटे जातील. जळकं ऑइल गटारात नको, गॅरेजवाल्याकडे द्या. मग गाडी चार दिवस नेहमीसारखी चालवा आणि दोन्ही प्लगखाली हात फिरवून बघा, ओलं लागलं तर वॉशर नीट बसलेलं नाही.