हाडांची डेक्सा: कोणी करावी, रिपोर्ट कसा वाचावा

गावच्या शिबिरात टाचेवर जेल लावून मशीन आकडा दाखवते, आणि आजीच्या हाती कॅल्शियमच्या गोळ्या येतात. टाचेच्या त्या सोनोग्राफीवरून ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार, ठरत नाही. त्याला कंबर आणि खुब्याची डेक्साच, म्हणजे हाडाची घनता मोजणारा खास एक्स-रेच लागतो. साध्या एक्स-रेवरही विसंबू नका. हाड बरंच विरळ झाल्याशिवाय त्यात ते दिसत नाही.

पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने ही तपासणी करावी. गर्भपिशवीसोबत अंडाशयं काढली असतील, पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल, दम्यासाठी किंवा सांधेवातासाठी 3 महिने किंवा जास्त स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, किंवा उंची दीड इंच घटून पोक आलं असेल, तर त्याआधीच. आणि उभ्याउभ्या पडून खुबा किंवा मणका मोडला असेल, तर आकडा काहीही येवो, उपचार लागतोच.

जाण्याआधी केंद्राला फोन करा. तालुक्याला हे मशीन सहसा नसतं, नागपूरसारखं मोठं शहर गाठावं लागतं. कॅल्शियमची गोळी 24 तास आधी थांबवा. बेरियमची (पोटाच्या एक्स-रेसाठी पांढरं औषध पाजून करतात ती) तपासणी झाली असेल तर दोन आठवडे जाऊ द्या. साडीपिना, करदोडा, कमरेला खोचलेल्या किल्ल्या काढा. उपाशी राहायची गरज नाही.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर बघा, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत तुमचं हाड किती घट्ट, तो आकडा. उणे 1 किंवा वर म्हणजे ठीक, उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, मधलं म्हणजे हाड विरळ होऊ लागलंय. कंबर आणि खुबा यांतला कमी आकडा धरतात. म्हातारपणी मणके झिजून त्यांना वाढ येते, त्यामुळे कमरेचा आकडा खोटाच चांगला दिसतो. चंद्रपूर-यवतमाळच्या फ्लोराइडच्या पट्ट्यात तर आणखी जपा: फ्लोराइड साचलेलं हाड मशीनला घट्ट दिसतं, पण ठिसूळ असतं. कुठल्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढच्या 10 वर्षांत हाड मोडण्याचा धोका काढणाऱ्या फ्रॅक्स नावाच्या कॉम्प्युटरवरच्या हिशेबात देश म्हणून भारत निवडायला लावा. त्यात वारंवार पडणं धरलेलं नाही आणि मधुमेहात धोका कमी दिसतो, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात.

ऑस्टिओपोरोसिस निघाला तर नुसतं कॅल्शियम पुरत नाही. हाड मोडू नये म्हणून वेगळी औषधं असतात, ती मागा. न्हाणीतलं शेवाळ घासा, संडासच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा.

पडल्यावर पाय आखूड होऊन बाहेर वळला, उभं राहवेना, तर खुबा मोडला समजा. मालिश नको, हाड बसवणारा नको. पाय आहे तसा ठेवून 108 ला फोन करा. ऑपरेशन शक्यतो 48 तासांच्या आत व्हायला हवं.