तान्ह्या बाळाची घरघर : या चुका टाळा

दोन महिन्यांचं बाळ घरघरायला लागलं की आजी म्हणते, "छाती भरलीय." मग ओव्याची धुरी होते, तालुक्याला नेब्युलायझर होतो. जत-आटपाडीकडची अशी बाळं मिरजेला पोचेपर्यंत फाइल चांगली जाडजूड झालेली असते.

खरी चूक आवाज नीट न ऐकण्याची. पंखा, टीव्ही बंद करा, झबलं वर करून छाती बघा. श्वास सोडताना सुईं वाजतं ते छातीतलं. घेताना कर्कश वाजतं ते घशातलं. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर बाळ नेमकं शांत झोपतं. बहुतेकदा स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असतो एवढंच, आणि ते वयाबरोबर सुधारतं.

पण जन्मतः आवाज नव्हता, दीड-दोन महिन्यांनी सुरू झाला, श्वास घेताना-सोडताना दोन्ही वेळा येतो, खोकला भुंकल्यासारखा आहे, तर स्वरयंत्राखाली रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा असू शकतो. इथं स्टिरॉइड फसवतं. गाठ तात्पुरती आक्रसते, बाळ हसतं, सगळे "क्रूप होता", म्हणजे विषाणूंमुळे स्वरयंत्राला आलेली सूज होती, म्हणून घरी जातात आणि आठवड्यात परत येतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वारंवार क्रूप? मला हे निदानच पटत नाही. दुर्बिणीतून श्वासनलिका बघायलाच हवी.

हनुवटीवर, ओठाजवळ लाल उंचवटा असेल तर "लासं आहे, जाईल" म्हणून सोडू नका. अर्थात कातडी स्वच्छ असली तरी आत गाठ असू शकते. अनुभवी डोळ्याला ती दुर्बिणीत ओळखू येते. तपासणीसाठी तुकडा काढायची घाई नको, रक्तस्राव होतो. नाकातल्या गाठीचंही तेच : आधी स्कॅन, कारण ती मेंदूच्या आवरणाशी जोडलेली असू शकते.

२००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉलने अशा गाठी ओसरतात हे दाखवलं, आणि उपचारच बदलले. हृदयाचं औषध बघून घरचे बिचकतात. ते साहजिक आहे, म्हणून सुरुवात देखरेखीखालीच करतात. एरवी दिवसाला किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम, विभागून. दूध पाजूनच द्या. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील तर तो डोस चुकवा आणि डॉक्टरांना फोन करा. उपाशीपोटी साखर घसरते. घरघर थांबली म्हणून औषध मनानं बंद करू नका, गाठ पुन्हा वाढते.

बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडले, दूध तुटलं तर थेट १०८. बाळाला ज्या स्थितीत बरं वाटतं तसंच मांडीवर धरा. घशात बोट घालून कफ काढायला जाऊ नका.