समोरच्याचा शब्द उचला: ऑनलाइन आरपी खेळताना या चुका टाळा

कोल्हापुरात आता आरपी, म्हणजे रोल-प्ले, एखादं कॅरेक्टर घेऊन त्याच्यासारखं बोलायचं-वागायचं असा खेळ, खेळणारी पोरं-पोरी पेठेपेठेत सापडतात. कुणी फाइव्हएमवर (जीटीए या व्हिडिओ गेमचे स्वतःचे सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) जीटीएचं आरपी खेळतंय, कुणी डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर नुसतं टाइप करून स्टोरी लिहितंय, कुणी शनिवारी रात्री व्हॉइस कॉलवर डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत खेळायचा फाशांचा खेळ, लावून बसतंय. पण तक्रार ऐकायला गेलं तर सगळ्यांची एकच, सीन रंगत नाहीत, सर्व्हर डेड आहे, रोज तेच तेच होतंय. मला विचाराल तर बहुतेक वेळा अडचण सर्व्हरची नसतेच, आपण समोरचा काय देतोय तिकडं बघतच नाही ही खरी अडचण असते. आरपीत क्रिएटिव्ह असणं म्हणजे भन्नाट कल्पना डोक्यात घेऊन येणं कमी, आणि समोरच्यानं टाकलेला शब्द उचलून त्याला पुढं नेणं जास्त. हे एकदा अंगवळणी पडलं की निम्म्या चुका आपोआप सुटतात.

पहिली चूक: कॅरेक्टर आधीच पूर्ण करून आणणं

नवीन माणूस व्हाइटलिस्टचा, म्हणजे सर्व्हरवर प्रवेश मिळवायचा, फॉर्म भरतो तेव्हा हमखास असं लिहितो: आईबाप लहानपणीच गेले, गँगमध्ये वाढला, कुणाला घाबरत नाही, हरलेला नाही. आता मला सांगा, ह्या माणसाशी कुणी बोलायचं काय? त्याला काही नकोय, त्याचं काही अडलेलं नाही, तो कुणाचं देणं लागत नाही. सीन तयार होतो तो अडलेल्या माणसापाशी.

त्यापेक्षा आपल्या आजूबाजूला बघा की. एक सदा घ्या, करवीर तालुक्यातला गुळव्या, कढईतला पाक बघून गूळ कधी उतरवायचा ते नुसत्या नजरेनं ओळखणारा. गुऱ्हाळ बंद पडलं म्हणून तो लॉस सँटोसला, जीटीएतल्या शहरात, मेव्हण्याकडं आला आणि मेव्हणा फोन उचलत नाही. झालं! त्याला काम पाहिजे, खोली पाहिजे, मेव्हणा सापडला पाहिजे, आणि भीती एकच की गावाकडं कळेल आपलं इथं काही जमलं नाही. किंवा गुजरीतली एखादी पोरगी करा, कोल्हापुरी साज घडवणाऱ्याच्या घरातली, सोन्याची पारख आहे पण बापाशी भांडण करून आलेली, "मी आलो, मी जातो" असं आपल्या कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसंच बोलणारी. असलं कॅरेक्टर तोंड उघडल्या उघडल्या लोकांच्या लक्षात राहतं. तीन गोष्टी ठरवा, त्याला काय पाहिजे, कशाची भीती आहे आणि तो कुणाचं देणं लागतो, बाकीचं रिकामं ठेवा. ते रिकामं दुसरे प्लेयर भरतील आणि तुम्ही ठरवलं असतं त्यापेक्षा भारी भरतील.

आणि एक, कोल्हापुरी कॅरेक्टर म्हणजे दर वाक्याला शिवी नव्हे. कोल्हापुरी माणूस आग्रह कसा करतो, अडचणीतल्या माणसाला "चल की, बघू" म्हणून गाडीवर कसा बसवतो, ते आणा खेळात.

दुसरी चूक, आणि सगळ्यात मोठी: समोरच्याचा सीन अडवणं

ह्यावर जरा थांबून बोलूया कारण सगळी गंमत इथंच आहे. आरपीत पॉवरगेमिंग म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे, टेक्स्टवाल्यांच्यात त्यालाच गॉडमोडिंग म्हणतात, म्हणजे समोरच्याला काही करायची संधीच न देता त्याचं काय झालं ते आपणच ठरवून टाकायचं. "स्लॅश-मी त्याला खुर्चीला बांधतो आणि तो बेशुद्ध पडतो." (स्लॅश-मी म्हणजे आपलं कॅरेक्टर काय करतंय ते लिहायची कमांड.) अरे बांधायचा प्रयत्न तुमचा, बेशुद्ध पडायचं का नाही ते त्याचं. "स्लॅश-मी त्याचे हात मागं ओढून दोरी आवळायला बघतो" एवढं लिहून थांबायचं, मग तो हात सोडवेल, चावेल, रडेल, का गप बांधून घेईल ते त्याच्यावर सोडा.

पण ह्याच्यापेक्षा बारीक अडवणूक असते, जी नियमात बसते आणि तरी सीन मारते. बघा, रात्रीचा नाका आहे, पोलिसाचं कॅरेक्टर सदाची गाडी थांबवतं आणि म्हणतं, "डिकी उघडा." आता बरेच जण काय लिहितात, "डिकीत काही नाही." संपला सीन. पोलीस म्हणून खेळणारा माणूस तासभर त्या नाक्यावर उभा आहे, त्याच्या हातात काय मिळालं? काहीच नाही.

आता हेच असं करा, स्लॅश-डू म्हणजे आजूबाजूला काय दिसतंय ते सांगायची कमांड. "स्लॅश-डू डिकीत गोणपाटात गुंडाळलेली एक गोल जड वस्तू आहे, गोणपाटाला मुंग्या लागल्यात." बास, एक ओळ. आता पोलिसाला प्रश्न पडला हे काय आहे. तो वास घेतो, संशय घेतो, सदा म्हणतो, "साहेब गूळ आहे ओ, केमिकल न टाकलेला, खाऊन बघा." पोलीस ते जप्त करून तपासायला पाठवतो, तिथं डॉक्टरचं कॅरेक्टर करणाऱ्या पोरीला रात्रीचं काही काम नव्हतं तिला काम मिळालं, ती ढेपेचा तुकडा तोंडात टाकून पोलिसाला फोन करते की आरोपी निर्दोष आहे आणि उरलेला पुरावा परत मिळणार नाही. एका गुळाच्या ढेपेवर तिघांची रात्र भरली. आणि पुढच्या वेळी तोच पोलीस ड्युटी संपल्यावर सदाला शोधत आला, आईनं पुरणपोळीला गूळ मागितलाय म्हणून, तर समजा दोघांची गोष्ट सुरू झाली. इथं गोळी सुटली नाही, पैसा हलला नाही, कुणी हरलं-जिंकलं नाही.

तमाशातल्या गवळणीत मावशी आणि पेंद्याचं बघा, ठरवलेलं थोडं आणि तिथल्या तिथं सुचलेलंच जास्त असतं, पेंद्यानं शब्द टाकला आणि मावशीनं तो खाली पडू दिला तर पार मागच्या रांगेला बसलेल्या माणसालाही कळतं की इथं काहीतरी हुकलं. आरपीत तेच आहे, फक्त मागची रांग नाही, पडलेला शब्द फक्त टाकणाऱ्याला कळतो आणि तो दोन-चार वेळा पडला की तो माणूस शब्द टाकायचाच बंद करतो. मग आपण म्हणतो सर्व्हर डेड आहे.

हो म्हणायचं म्हणजे सगळं मान्य करायचं असंही नाही. कॅरेक्टर "नाही" म्हणू शकतं, पण त्या "नाही"ला कारण पाहिजे, दार पाहिजे. "पैसे नाही देत" पेक्षा "पैसे देतो, पण आधी माझा मेव्हणा कुठं आहे ते सांगा" हे पण "नाही"च आहे, पण सीन पुढं नेणारं.

मेटागेमिंग: हे कळतं सगळ्यांना, टाळत कुणी नाही

मेटागेमिंग म्हणजे खेळाबाहेर कळलेली गोष्ट कॅरेक्टरनं वापरणं. मित्राची स्ट्रीम, म्हणजे खेळाचं लाइव्ह प्रक्षेपण, बघून त्याचा अड्डा कळला, डिस्कॉर्ड कॉलवर कुणीतरी बोललं, डोक्यावरचं नाव वाचलं, आणि कॅरेक्टरला सगळं माहीत. उपाय सोपा आहे, काही बोलायच्या आधी मनात विचारा, हे माझ्या कॅरेक्टरला कुणी सांगितलं? नाव सांगता आलं नाही तर गप बसा. खरं तर माहीत असून चुकीच्या दिशेनं जाण्यात लई मजा आहे, प्लेयरला माहीत आहे चोर कोण, आणि कॅरेक्टर त्याच चोराला घरी जेवायला बोलवतंय, असं खेळून बघा एकदा. न्यू लाइफ रूलचंही तसंच, मेल्यावर का मेलो ते विसरायचं म्हणजे विसरायचं, बदला घ्यायला परत जायचं नाही.

पीसी साधा आहे म्हणून आरपी जमत नाही

असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. 1978 साली इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं मड नावाचा गेम सुरू केला आणि रिचर्ड बार्टलनं तो पुढं नेला, एकाच जगात बरेच जण एकदम खेळायचे आणि पडद्यावर नुसती अक्षरं. डी अँड डी तर 1974 पासून कागद, पेन्सिल आणि फाशांवर चाललंय. साध्या मोबाईलवर डिस्कॉर्ड टेक्स्ट आरपी उत्तम होतं. माइकचा खरखराट मात्र नीट करा, पुश टू टॉक (बटण दाबलं तरच आवाज जायची सोय) लावा, सीन चालू असताना मागं टीव्हीवरची मालिका ऐकू आली की समोरच्याचा मूड जातो. आणि पावसाळ्यात लाईट जाणार हे धरूनच चला. सीनच्या मध्यात गायब झालं की लोक समजतात मार खायच्या भीतीनं पळाला, म्हणून फोनवर डिस्कॉर्ड ठेवा आणि "लाईट गेली, आल्यावर इथूनच सुरू करू" एवढा मेसेज टाका.

घेतो सगळे, बोलून दाखवत कुणी नाही

हे मला मनापासून सांगायचंय. फाइव्हएमचं मूळ काम मॉडिंग, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल, करणाऱ्या लोकांनी उभं केलं, पुढं 2023 मध्ये ती टीम जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारमध्ये गेली, पण तुमच्या सर्व्हरवरचं हॉस्पिटल, नोकऱ्या, नकाशातले बदल हे अजूनही त्या त्या सर्व्हरची माणसं जागून बसवत असतात. डीएमनं, म्हणजे डी अँड डीचा खेळ चालवणाऱ्यानं, शनिवारच्या दोन तासांसाठी आठवडाभर डोकं लावलेलं असतं. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे छोटी कामं करणारे प्लेयर, मेकॅनिक, अँब्युलन्सवाला, टॅक्सीवाला, जो स्वतःचा सीन सोडून तुमच्या सीनला हातभार लावून जातो. लोक क्लिप टाकतात ती स्वतःची, त्यात तो मेकॅनिक कुठं दिसत पण नाही.

"भारी होता सीन भावा" एवढ्यानं भागत नाही. काय भारी होतं ते सांगा. "तू गाडी तपासताना आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गरम आहे का बघितलंस ना, मला तिथं खरंच टेन्शन आलं." असं एक वाक्य खासगी मेसेजमध्ये गेलं की तो माणूस पुढच्या वेळी आणखी बारकाईनं खेळतो, हे मी परत परत बघितलंय. जो हरला त्याला तर आधी मेसेज करा. चांगलं हरणं अवघड असतं, दरोडा फसल्यावर घाबरून, हात वर करून, आवाज कापत बोलणारा माणूस तुमचा विजय मोठा करत असतो.

कौतुक सीनमध्येही करता येतं आणि ते जास्त खोल जातं. त्यानं मागं कधीतरी सहज सांगितलं होतं की त्याच्या कॅरेक्टरला उंचीची भीती आहे, तुम्ही मीटिंग गच्चीवर ठेवली. त्याला लगेच कळतं, ह्यानं माझं लक्षात ठेवलंय. वही करा त्यासाठी, कोण कुणाचं काय लागतं, कुणी काय बोललं, चार ओळी पुरतात.

बार्टलनंच 1996 मध्ये खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले होते, काहींना मिळवायचं असतं, काहींना जग फिरून बघायचं असतं, काहींना माणसांत रमायचं असतं आणि काहींना दुसऱ्यावर कुरघोडी करायची असते. मांडणी मडची आहे, पण लागू आजही पडते. त्यामुळं कुणी नुसतं मासे पकडत आणि गप्पा मारत बसलं असेल तर त्याला "आरपी कर की" म्हणू नका, तो तेच करतोय.

राग कॅरेक्टरचा आहे का तुमचा?

कॅरेक्टरला फसवलं आणि तुमचे कान तापले, असं झालं तर पाच मिनिटं पाणी पिऊन या. नियम मोडला असं वाटलं तरी सीनमध्येच "रिपोर्ट टाकतो थांब" करू नका, सीन पूर्ण खेळा, रेकॉर्डिंग ठेवा, नंतर अ‍ॅडमिनकडं तक्रारीचं तिकीट उघडा. तोपर्यंत बऱ्याचदा कळतं की समोरच्याला नियम माहीत नव्हता, आणि एका मेसेजवर विषय संपतो.

पण काही गोष्टींना "सीन आहे, चालतंय" हे लागू नाही. छळ, प्रेमप्रकरण, लहान मुलं, आत्महत्या, असले विषय सुरू व्हायच्या आधी ओओसी, म्हणजे कॅरेक्टर बाजूला ठेवून, विचारायचं, चालेल का, कुठवर चालेल. टेबलवरच्या खेळात जॉन स्टॅव्ह्रोपूलसनं एक्स-कार्ड आणलं, कुणीही ते कार्ड उचललं किंवा त्यावर बोट ठेवलं की तेवढा भाग सोडून पुढं जायचं, कारण विचारायचं नाही. डिस्कॉर्डवर नुसतं "एक्स" टाइप करायचं ठरवलं तरी काम होतं. आणि पोरींच्या बाबतीत स्पष्ट बोलतो, तिचं कॅरेक्टर तुमच्या कॅरेक्टरशी गोड बोललं म्हणजे तिच्या खऱ्या इन्स्टावर मेसेज टाकायची परवानगी मिळाली असं होत नाही. चांगल्या खेळणाऱ्या पोरी ह्याच कारणानं खेळ सोडतात, आणि नुकसान सगळ्या सर्व्हरचं होतं. तुमच्या समोर असं होत असेल तर बघत बसू नका, तिला विचारून अ‍ॅडमिनला कळवा.

आणि हे झालं तर?

तुमच्या पोस्टला कुणी उत्तरच देत नाही: बहुतेक वेळा तुम्ही वर्णन लई छान लिहिलंय पण समोरच्यानं काय करायचं ते ठेवलंच नाही. शेवटची ओळ अशी करा की त्याला हात लावायला काहीतरी मिळेल, एक प्रश्न, एक पडलेली वस्तू, दारावर टकटक.

सगळे लॉगिन आहेत पण काही घडत नाही: मोठा इव्हेंट शोधू नका. गाडी बंद पाडा, चुकीच्या पत्त्यावर पार्सल द्या, अनोळखी माणसाला म्हणा "तुम्ही आमच्या गावचे वाटताय."

नवीन प्लेयर अडखळतोय: सीनमध्ये सुधारू नका. तो विसरला तर तुमच्या कॅरेक्टरकडून विचारून घ्या, "पाय लंगडताय का काय?" म्हणजे त्याला आठवतं की मघाशी गोळी लागलीय.

स्वतःच्या कॅरेक्टरचा कंटाळा आला: लगेच डिलीट करू नका. आधी वही काढा आणि त्याच्याशी जोडलेली माणसं बघा. सदाला गावाकडं परत पाठवायचं असेल तर त्याची टपरी एखाद्या नवीन पोराला चालवायला द्या, डॉक्टरणीला शेवटची ढेप पोचवा, ज्यांची उधारी आहे त्यांना हिशोब करायला बोलवा, आणि मेव्हणा सापडला का नाही ते सदानं नाही, मेव्हणा म्हणून खेळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुणीतरी ठरवू दे. एवढं सगळं झाल्यावर मग नवीन कॅरेक्टरचा फॉर्म भरा.