अमेरिकेची व्हिसा लॉटरी आणि आखातातले नागपूरकर: या चुका टाळा

दुबईत, मस्कतमध्ये किंवा कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या नागपूरकराला कोणी सांगितलं, की "आता तुम्ही भारतात राहत नाही, तेव्हा अमेरिकेच्या लॉटरीत बसता", आणि त्यावर फॉर्मचे पैसे घेतले, तर ते पैसे बुडाले असंच समजा. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. बाकीच्या चुका पात्र असलेल्या थोड्या लोकांच्या आहेत.

ही लॉटरी म्हणजे डायव्हर्सिटी व्हिसा, थोडक्यात डीव्ही: अमेरिकेत कायमचं राहण्याचे व्हिसा सोडत काढून देण्याची योजना. तिच्यात वर्षाला जास्तीत जास्त ५५,००० व्हिसा असतात. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५०,००० पेक्षा जास्त लोक अमेरिकेत कायमचे राहायला गेले, तो देश त्या वर्षी बाद होतो. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि चीन याच कारणाने बाहेर आहेत. आणि देश ठरतो तो जन्मावरून. पासपोर्ट कुठला, रेसिडेन्सी कुठली, किती वर्षं परदेशात काढली, हे कोणी विचारत नाही. नागपूरच्या डागा किंवा मेडिकल रुग्णालयात जन्मलेला माणूस वीस वर्षं शारजात राहिला तरी लॉटरीच्या हिशेबात भारताचाच.

मग नागपूरकरांपैकी बसतं कोण? एक, ज्याचा स्वतःचा जन्म ओमान, अमिराती, कुवेत, कतार, बहारीन किंवा सौदीत झाला तो. आईवडील नागपूरचे आणि पासपोर्ट भारतीय असला तरी चालतो. दोन, ज्याच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा जन्म पात्र देशात झाला आहे तो. नेपाळमध्ये जन्मलेली बायको असेल, तर नागपूरचा नवरा तिच्या देशावर अर्ज करू शकतो. मात्र लग्न अर्जाआधी झालेलं हवं, दोघांची नावं अर्जात हवीत, दोघांना व्हिसा मिळायला हवा आणि अमेरिकेत प्रवेशही दोघांनी एकत्रच करायला हवा. साखरपुडा झालेला चालत नाही.

मुलाचा जन्म मस्कतचा म्हणून आईवडील पात्र ठरत नाहीत. हा गैरसमज फार पसरलेला आहे. आईवडिलांच्या जन्मदेशाचा आधार घेता येतो, पण तुमच्या जन्माच्या वेळी त्या दोघांपैकी कोणीही तुमच्या जन्मदेशात जन्मलेलं किंवा तिथे कायम राहणारं नसेल तरच. नागपूरच्या जरीपटका भागात ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचा जन्म सिंधमधला आहे, त्यांना याचा काहीच उपयोग नाही. पाकिस्तानही बादच आहे.

आधी खिडकी उघडी आहे का ते बघा

नोंदणी साधारणपणे ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालायची. २०२५ च्या ऑक्टोबरात मात्र ती नेहमीसारखी उघडलीच नाही, आणि डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने या योजनेखाली व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. त्यामुळे "यंदाचा फॉर्म भरून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या डीव्हीच्या संकेतस्थळावर नोंदणी सुरू आहे का, हे स्वतः पाहा. पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह नसेल तर ती साइट सरकारी नाही. नोंदणीसाठी १ डॉलर शुल्क २०२५ मध्ये लागू झालं. एवढ्याशा रकमेसाठी एजंट लागत नाही.

फोटो: बरेच अर्ज इथेच जातात

स्टुडिओत "पासपोर्ट साइज" म्हटलं की ३५ बाय ४५ मिलिमीटरचा उभा फोटो हातात पडतो. इथे चौकोनी डिजिटल फाइल लागते: ६०० बाय ६०० पिक्सेल, जेपीईजी, २४० केबीच्या आत. हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत चेहरा फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के, म्हणजे साधारण ३०० ते ४१४ पिक्सेल हवा. पार्श्वभूमी पांढरी, सावली नाही, चष्मा नाही. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. मागच्या वर्षीचाच फोटो पुन्हा टाकला तर तो संगणकाला ओळखता येतो आणि अर्ज बाद होतो.

आपल्याकडचे फोटोवाले न सांगता चेहरा उजळवतात आणि डाग पुसतात. त्यांना आधीच सांगा, "फिनिशिंग करू नका". फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून मागवली तर तिचं माप बदलतं; डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावा किंवा पेनड्राइव्हवर घ्या. तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून फोटो काढा. डोळे उघडे हवेत आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये.

कोणाची नावं लिहायची

नवरा किंवा बायको, आणि २१ वर्षांखालची सगळी अविवाहित मुलं. सोबत येणार नसली तरी. सावत्र आणि दत्तक मुलंही. मुलगी बारावीसाठी नागपुरात आजीकडे आहे म्हणून तिचं नाव गाळलं, तर लॉटरी लागल्यावर मुलाखतीत सगळ्या कुटुंबाचा अर्ज बाद होतो. फी परत मिळत नाही. नवराबायको वेगळे राहतात, पण कोर्टाने तसं ठरवून दिलेलं नाही, तरीही नाव लिहावंच लागतं. कोर्टाने वेगळं केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. याशिवाय सूट एवढीच: अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराचं वा मुलाचं नाव लिहिणं सक्तीचं नाही. अर्जानंतर जन्मलेलं बाळ पुढे, निवड झाल्यावर भरायच्या डीएस-२६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये घालता येतं.

मुलगा वीस वर्षांचा असेल आणि व्हिसा मिळेपर्यंत एकविशी ओलांडेल असं वाटत असेल तर घाबरू नका. नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून निवड जाहीर होईपर्यंतचे दिवस त्याच्या वयातून वजा होतात. हा काळ साधारण सात महिन्यांचा असतो.

एका माणसाचा एका वर्षात एकच अर्ज. "एक मी भरला, एक एजंटने" असं झालं तर दोन्ही बाद. नवरा आणि बायको दोघेही पात्रतेत बसत असतील तर दोघांनी एकेक स्वतंत्र अर्ज भरावा आणि एकमेकांचं नाव त्यात लिहावं. संधी दुप्पट होते आणि ते पूर्ण कायदेशीर आहे.

जन्मतारीख लिहिताना आधी महिना येतो, मग दिवस. ४ जुलैचं ७ एप्रिल झालं की पुढे सगळे कागद त्याच्याशी भांडतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर तेच. आखातात जन्मला असाल तर जन्माचा देश लिहिताना सवयीने भारत निवडू नका. फॉर्म ६० मिनिटांत संपवावा लागतो, म्हणून फोटो आणि तारखा हाताशी ठेवूनच बसा.

कन्फर्मेशन नंबर

अर्ज गेला की १६ आकडे-अक्षरांचा नंबर येतो. निकाल फक्त त्यावर, साधारण मे महिन्यापासून, त्याच साइटवर कळतो. "तुमची निवड झाली, पैसे पाठवा" असं अमेरिकन सरकार ईमेलने कळवत नाही. एजंटने अर्जात स्वतःचा ईमेल टाकला की नंबर त्याच्या हाती राहतो, आणि निवड झाल्यावर तो देण्यासाठी लाखांची मागणी होते. त्याहून वाईट म्हणजे "कागदोपत्री लग्न" लावून दुसरं माणूस अर्जात घुसवणं. ती फसवणूक ठरते आणि अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

निवड झाल्यावर

निवड म्हणजे व्हिसा नव्हे. डीव्ही-२०२६ साठी सव्वा लाखाहून जास्त लोक निवडले गेले, व्हिसा मात्र जास्तीत जास्त ५५,०००. निवडीसोबत मिळालेला तुमचा केस नंबर परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिन या मासिक पत्रकातल्या आकड्याच्या आत आला तरच मुलाखत होते, आणि डीव्हीच्या नावातल्या वर्षाच्या (इथे २०२६ च्या) ३० सप्टेंबरनंतर काहीच उरत नाही. डीएस-२६० लवकर भरा. व्हिसाची फी माणशी ३३० डॉलर, आणि ती मुलाखतीच्या वेळी वकिलातीतच भरायची.

शिक्षणात बारावी लागते. दहावीनंतर आयटीआय करून आखातात गेलेल्यांची अडचण इथे होते, कारण ते बारावीच्या बरोबरीचं धरलं जात नाही. मग मागच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं अशा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, ज्याला दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. बोर्डाची गुणपत्रिका हरवली असेल तर नागपूर विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी आत्ताच अर्ज करा.

पोलिस दाखला जास्त त्रास देतो. सोळा वर्षांनंतर स्वतःच्या देशात किंवा सध्याच्या देशात सहा महिन्यांहून जास्त, आणि इतर देशात वर्षभर राहिला असाल, तर त्या प्रत्येक ठिकाणचा दाखला लागतो. भारताचा दाखला नागपुरात पासपोर्ट सेवेतून किंवा परदेशात भारतीय दूतावासातून मिळतो. जुन्या नोकरीच्या देशाचा मात्र तिथून निघण्यापूर्वीच घ्यावा. नंतर बोटांचे ठसे आणि साक्षांकनाची यातायात सुरू होते.

आणि जे आधीच एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आहेत आणि स्वतः किंवा जोडीदार आखातात जन्मले आहेत, त्यांनी लॉटरीपेक्षा कंपनीच्या वकिलाला जन्मस्थळ सांगावं. नोकरीच्या ग्रीन कार्डलाही हाच जन्मदेशाचा नियम लागतो, आणि भारताच्या दशकाहून लांब रांगेतून त्यावर बाहेर पडता येतं. पुष्कळ अर्जांत हा मुद्दा केवळ कोणी विचारला नाही म्हणून राहून जातो.