पासवर्डात ₹ हाय अन् लॉगिन होऊन नाही राहिलं?
पासवर्ड एकदम बरोबर तरी ब्राउझरचा लॉगिन बॉक्स परत परत उघडतो, ४०१ (ओळख पटली नाही) असा एरर येतो, तर भाऊ आधी पासवर्डातली अक्षरं पाहा. नागपुरात बर्डीवरच्या एका ऑफिसच्या सर्वरवर हेच होऊन राहिलं होतं, पासवर्डात ₹ होता. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) ₹ चे ३ बाइट होतात, ई२ ८२ बी९, अन् जुन्या आयएसओ-८८५९-१ मध्ये ते चिन्हच नाही, मग क्लायंटनं, म्हणजे ब्राउझर किंवा ॲपनं, वेगळ्या एन्कोडिंगनं पाठवलं की सर्वरवरचा हॅश (पासवर्डापासून बनवून ठेवलेला कोड) जुळणार कसा? अशा लॉगिनच्या इंटरनेट मानकाप्रमाणे, आरएफसी ७६१७ (२०१५), सर्वर क्लायंटला चारसेट (एन्कोडिंग) यूटीएफ-८ वापर असं सांगू शकतो, पण जुने क्लायंट ते पाहतच नाहीत. तात्पुरता साधा इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा पासवर्ड लावून बघा, लॉगिन झालं तर गडबड बहुतेक एन्कोडिंगचीच, मग कायमचा पासवर्डही तसाच ठेवा, फक्त चांगला लांब.