कार्बन क्रेडिट विकत घेताय? आधी या चुका टाळा

मोठे ग्राहक आता नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगणा औद्योगिक वसाहतींतल्या पुरवठादारांकडेही कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मागतात. मग कुणी सल्लागार स्वस्तातली क्रेडिट्स, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचवलेल्या कार्बनचे विकत मिळणारे दाखले, सुचवतो आणि कारखाना कागदावर ‘कार्बन न्यूट्रल’, म्हणजे हिशेबात शून्य उत्सर्जनाचा, होतो. धूर मात्र तेवढाच.

पहिली चूक हिशेबाआधी खरेदीची. समजा, वर्षाला ५ लाख युनिट वीज आणि १०,००० लिटर डिझेल लागतं. ग्रिडच्या विजेचा कार्बन डायऑक्साइड युनिटला साधारण ०.७ किलो, डिझेलचा लिटरला २.७ किलो धरा: ३५० अधिक २७, म्हणजे ३७७ टन. कच्चा माल आणि वाहतूक यात नाहीच, आणि बरेचदा तोच आकडा मोठा निघतो. नागपूरच्या उन्हात छतावरचे १०० किलोवॅटचे सोलर वर्षाला सुमारे १.४ लाख युनिट देते, म्हणजे जवळपास १०० टन खरोखर कमी. क्रेडिटचा विचार त्यानंतर.

दुसरी चूक, नुसता भाव बघणे. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, पण कशाच्या तुलनेत वाचलेला टन? सगळी गोम इथेच आहे. कमी लाकूड जाळणाऱ्या सुधारित चुली वाटून क्रेडिट्स मिळवणारे प्रकल्प घ्या. जुनी चूल बंद झाली असं कागदावर धरतात. प्रत्यक्षात भाकरी जुन्याच चुलीवर आणि चहा नव्या चुलीवर. शिवाय जाळलेल्या लाकडापैकी किती पुन्हा उगवत नाही, हे प्रमाण फुगवून धरलं की टन आपोआप वाढतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तपासलेल्या चूल-प्रकल्पांना खऱ्या बचतीच्या सुमारे ९ पट क्रेडिट्स मिळाल्याचं दिसलं. म्हणून प्रकल्पाचा मूळ दस्तऐवज मागा आणि त्यात चुलीचा वापर प्रत्यक्ष मोजलाय की नुसता विचारून लिहिलाय, ते बघा. सौर-पवन क्रेडिट्सचं दुखणं वेगळं: बरेच प्रकल्प क्रेडिटच्या पैशाविनाही उभे राहिले असते. २०२४ मध्येच ऐच्छिक बाजारातल्या (कायद्याची सक्ती नसताना घेतल्या जाणाऱ्या) क्रेडिट्सचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेने या प्रकल्पांच्या जुन्या पद्धतींना आपला शिक्का नाकारला.

झाडांच्या क्रेडिटमध्ये रोप लावल्याचे टन घेऊ नका, वाढलेल्या झाडाचे मोजलेलेच घ्या. विदर्भात उन्हाळ्यात जंगलं पेटतात. आग लागली तर भरपाईसाठी राखीव क्रेडिट्स किती, हे आधीच विचारा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे क्रेडिट ‘रिटायर’ न करणे, म्हणजे ते वापरलं अशी नोंद करून कायमचं बाद न करणे. दलालाचं सर्टिफिकेट पुरावा नव्हे. क्रेडिट्स प्रमाणित करणाऱ्या व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड या संस्थांच्या रजिस्ट्रीत (ऑनलाइन नोंदवहीत) क्रेडिटचा अनुक्रमांक स्वतः टाका. लाभार्थी म्हणून तुमच्या कंपनीचं नाव, रिटायरची तारीख, क्रेडिटचं वर्ष आणि संख्या जुळली पाहिजे. रिटायर न झालेलं क्रेडिट उद्या दुसऱ्याला विकता येतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं पर्यावरणाच्या दाव्यांना पुरावा मागतात. त्यामुळे माहितीपत्रकावर नुसतं ‘कार्बन न्यूट्रल’ छापू नका. एकूण उत्सर्जन किती, स्वतः कमी केलं किती, क्रेडिट कुठल्या प्रकल्पाचे किती, हे तीन आकडे वेगवेगळे लिहा.